जोडावरची माती

प्रिय आई,

हे पत्र दुपारच्या टपालाने येईल, तेव्हा आप्पा मळ्यात असतील. फोनवर बोलता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि माझ्या प्रत्येक वाक्याला शेजारी बसलेले आप्पा उत्तर देतात. वाचून झाल्यावर पत्र कुणाला दाखवायचं ते तू ठरव.

इथे ठीक आहे. मच्छेच्या प्रयोगशाळेत सध्या केळीच्या रोपांचं काम आहे. आठ तास बाटल्यांतली रोपं सोडवून ट्रेमध्ये लावायची. संध्याकाळी खासबागेतल्या खोलीवर येते, तेव्हा मालकीण मनुबाई दारातच असतात. "तुमच्या सदलग्याची टमाटी काय म्हणत्यात?" असं त्या अजून विचारतात. मी "बरी आहेत" म्हणते. पाच गुंठ्यांतली बाराशे झाडं महिन्याभरात कशी गेली, हे जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

तुझा लेक अरिहंत म्हणाला, विहिरीजवळच्या त्या पाच गुंठ्यांत सोमवारी उसाची लावण आहे. म्हणजे आप्पांच्या बाजूने विषय संपला. मार्चमध्ये त्यांनी शब्द दिला होता की कलमी झाडं तिसऱ्या तोडणीपर्यंत उभी राहिली, तर तेवढी जागा माझी. शेडनेट ते उभं करून देतील, आणि मी नोकरी सोडून घरी येऊन रोपवाटिका चालवायची. मी तो शब्द त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला होता. तू तेव्हा भाकरी थापत होतीस, आणि न वळता म्हणालीस, "पोरगी घरी येती म्हणती, तर आनी किती वदवून घ्यायला लावताय." त्या वाक्यावर मी एप्रिल ते जून काढले.

त्या जमिनीत तीन वर्षं टोमॅटोला मर लागत होती. हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं आणि चार दिवसांत संपतं. रोग मातीत असतो, मुळातून शिरतो, आणि त्याला औषध नाही. उपाय एकच, मूळ दुसऱ्या झाडाचं द्यायचं. म्हणून मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर आपण ते सगळं मांडलं होतं. खाटेखाली ओली पोती, वरून प्लास्टिक, त्यावर तुझं जुनं काळं घोंगडं, कारण पहिले तीन दिवस कलमांना अंधार आणि दमट हवा लागते. मी ब्लेडने तिरका काप देत होते आणि टोमॅटोचा शेंडा खालच्या बुंध्यावर बसवून चिमटा लावत होते. दोन्ही देठांची जाडी सारखी नसेल तर जोड धरत नाही. ती जाडी मी मोजपट्टीने बघत होते आणि तू नुसत्या बोटांनी. दुसऱ्या दिवशी मी मोजपट्टी बाजूला ठेवली, कारण तू चुकत नव्हतीस. चौदाशे कलमांतली बाराशे बारा जगली. पहिल्यांदा करणाऱ्याच्या मानाने हा आकडा फार चांगला आहे, आणि त्यात तुझ्या बोटांचा वाटा मोठा आहे. हे मी तेव्हा सांगितलं नाही.

त्याच दिवशी तू मला विचारलं होतंस, "खालचं झाड कशाचं गं?" मी म्हणाले, रानातलं आहे. तू परत विचारलं नाहीस.

ऑगस्टच्या शेवटी पहिली तोडणी झाली, चार क्रेट. मी सुट्टी काढून आले होते. तू टोमॅटोचं सार केलंस, सगळ्यांना वाढलंस आणि स्वतःही दोन वाट्या घेतल्यास. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बरं झालं, हिला काही कळलेलं नाही. सार चांगलं झालंय, म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात झाडांनी माना टाकल्या. मी पुन्हा आले. एक खोड कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरलं. मर असेल तर कापातून दुधासारखा धागा सुटतो. सुटला. आप्पा गडीमाणसांसमोर म्हणाले, "बघितलं, दूध आलं. आता काय, चहा ठेवू?" सगळे हसले. मग ते न हसता म्हणाले, "पाच वर्षं हॉस्टेलला ठेवून हे शिकवलं व्हय तुला?" तू पदराला हात पुसत उभी होतीस. तू काहीतरी बोलशील असं मला वाटलं होतं. मी बरीच वाट बघितली, आई.

कलमी झाडाला मर लागू नये. लागली, तर त्याला कारण असतं. सगळे जेवायला गेल्यावर मी एक झाड मुळासकट उपटलं, मग दुसरं, मग प्रत्येक सरीतून एक. सगळीकडे एकच दिसलं. बुंध्याला वीतभर मातीची भर होती आणि जोड त्या मातीत गाडला गेला होता. टोमॅटोचं खोड मातीत दाबलं की त्याला स्वतःची मुळं फुटतात. तशी फुटली होती, पांढरी, बोटभर लांब, आणि त्याच मुळांतून रोग वर चढला होता. लावताना मी आप्पांना, अरिहंतला, सगळ्यांना बजावलं होतं की जोड मातीच्या वर चार बोटं राहिला पाहिजे. तुझ्या डोळ्यांदेखत सांगितलं होतं. भर खोऱ्याने ओढलेली नव्हती, हाताने थापलेली होती. चिखल वाळताना त्यात बोटं उमटली होती.

जयाबाईला विचारलं. ती भांगलणीला रोज येत होती, तिला माहीत असणारच. ती आधी नाही म्हणाली, मग बांधावर बसली आणि बोलली. म्हणाली की श्रावणात एका झाडाला जोडाच्या खालून फुटवा आला होता, आणि तो तिनेच तुला दाखवला. "म्या म्हटलं, आक्का, खालनं वांगं फुटलंय बगा, काटं बी हाईत. तवाधरनं तुमच्या आईनं तीन दिस एकटीनं भर घातली. मला हात लावू दिला न्हाय. म्हनत हुत्या, टमाट्याला त्येचं सोताचं मूळ फुटू दे."

वांगं खाणार नाही आणि आपल्या हाताने कुणाला खाऊ घालणार नाही, असा तुझा नियम आहे. अकरा वर्षांपूर्वी मुनिमहाराजांसमोर घेतलेला. म्हणजे सार करताना तुला सगळं ठाऊक होतं. आता झाड स्वतःच्या मुळावर आलंय असं मानूनच तू ते वाढलंस, आणि माझ्या हातचं पहिलं फळ खाल्लंस.

तेव्हापासून मी तुझ्याशी नीट बोललेले नाही, हे तुला जाणवलं असेल. मी फार चिडले होते, आणि अजून आहे. उपटलेली सोळा झाडं मी वाळवून कागदात गुंडाळून ठेवली आहेत. प्रत्येकावर सरीचा नंबर आहे. फोटो आहेत. रविवारी घरी यायचं, ती आप्पांसमोर मांडायची, आणि कलम फसलं नाही, आईने जोड गाडला, एवढंच सांगायचं असं मी ठरवलं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आप्पा तिरसट आहेत, पण डोळ्यांना दिसलेलं ते नाकारत नाहीत. सोमवारची लावण थांबली असती आणि जागा मला मिळाली असती. पुढे कित्येक वर्षं त्यांनी तुला जेवताना त्यावरून टोमणे मारले असते, हेही मला दिसत होतं. तरी मी येणार होते.

काल अरिहंतचा फोन आला. ट्रॅक्टरचं, पावसाचं बोलता बोलता म्हणाला, आईने दीड महिना झाला मीठ सोडलंय, बीपीचं असेल, तू जरा डॉक्टरांना विचार. तुला बीपी नाही. दीड महिना म्हणजे झाडं गेली तेव्हापासून. एवढी जिवंत झाडं आपल्या हातून गेली, म्हणून तू अळणी जेवते आहेस, आणि घरात कुणाला त्याचं कारण सांगितलेलं नाहीस. मग मला माझ्या रविवारच्या मांडणीत काय नव्हतं ते लिहून काढावं लागलं. तू विचारलंस, तेव्हा मी रानातलं झाड म्हणाले. ते रानवांगं होतं. तुझा नियम मला पाठ होता, आणि तो पाठ होता म्हणूनच मी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं, तर तू खाटेजवळ बसली नसतीस, आणि तुझ्या बोटांशिवाय माझं काम झालं नसतं. चार सऱ्या साध्या टोमॅटोच्या वेगळ्या लावून तेवढीच तुला घरात वापरायला देणं मला जमलं असतं. मी तसा विचारही केला नाही. तू माती लावलीस ते नंतर, आणि मला विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

मी तुला माफ केलेलं नाही. ग्लास हातात धरून मी उभी होते तेव्हा तू गप्प राहिलीस, ते मला विसरता येत नाही. पण हे प्रायश्चित्त तुझ्या एकटीचं नाही. रविवारी मी सकाळच्या गाडीने येते. आप्पांना खाटेजवळ तू विचारलेल्या प्रश्नापासून सांगेन, आधी माझं, मग तुझं. आईला फसवून तिच्या हातून हे करून घेतलं म्हटल्यावर ते मला ती जागा देणार नाहीत, हे मला माहीत आहे. सोमवारी ऊस लागू दे. तू आज रात्रीच्या आमटीत मीठ घाल, आणि स्वतःला वाढून घे.

तुझीच,
दिव्या