परदेशी खेळाडूस, रोह्याहून

रोहे,
सोमवार, दि. १९ ऑगस्ट १९९६

श्री. निसीम एलियाह रोहेकर यांस,
सप्रेम नमस्कार.

मी तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा असावी. अक्षर पाहून हे आईचेच पत्र आहे असे तुम्ही समजाल. दोन वर्षे सिपोरामावशी सांगतात आणि मी लिहिते, त्यामुळे माझे अक्षर तुमच्या ओळखीचे आहे. आज मात्र शब्दही माझेच आहेत, आणि त्यामुळे हात अवघडला आहे.

मावशींची प्रकृती उत्तम आहे. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो, डाव्याला माणूस कळते पण चेहरा कळत नाही. तरी परवा मी आमटीत मीठ टाकायला विसरले, तर न चाखता म्हणाल्या, "वासावरनं कळतं गो. मास्तरीण झालीस, पण चुलीशी तुझं लक्ष नाय."

हमरापूरला माझ्या बाबांच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम जोरात आहे. गणपती तोंडावर आले. शेडच्या खांबाला बास्केटबॉलसाठी तुम्ही ठोकलेली पिंपाची लोखंडी कडी अजून तिथेच आहे. तुमच्या चेंडूने वाळत ठेवलेल्या सात मूर्तींच्या सोंडा मोडल्या होत्या, ते बाबा अजून गिऱ्हाइकांना सांगतात. "सात सोंडा करून दिल्याशिवाय उठायचं नाय," असे म्हणून त्यांनी तुम्हांला बसवले होते. तुमची सातवी सोंड उजवीकडे वळली. बाबांनी ती मूर्ती विकली नाही.

तुमच्या संघातले अमेरिकन डॅरेल यांनी पापड न भाजताच खाल्ले, हे वाचून मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अमेरिकेत चूल नाय काय रे?" असे त्यांनी भिंतीलाच विचारले. पेणचे पोह्याचे पापड पुन्हा पाठवीत आहोत. या वेळी ते भाजून दाखवावेत.

तुमच्या खेळाविषयी मला फारसे कळते असे नाही. परंतु तुम्ही पाठवलेली कात्रणे मी वहीत चिकटवली आहेत. हिब्रू मला येत नाही, पण तुमच्या नावाचा आकार मी ओळखायला शिकले आहे आणि आकडे तर सर्वत्र सारखेच असतात. पहिल्या सामन्यात तुमच्या नावापुढे शून्य होते. नंतर चार, मग सात, मग गुडघ्याच्या दुखापतीमुळे दोन महिने काहीच नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा चोवीस. त्या दिवशी मावशींनी तुमच्या एलियाहू हनाबी प्रेषितांच्या नावाने मलिदा केला. गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांची ती वाटी मला देताना म्हणाल्या, "चोवीस म्हंजे लय हाय ना गो?" मी म्हटले, लय हाय.

तुम्ही लिहिले होते, "परदेशी खेळाडूला इथे घर मिळते, पण किल्ली क्लबच्या नावावर असते. संघ जिंकला की संघ जिंकला. हरला की परदेशी खेळाडूंनी काय केले, असे विचारतात." हे वाक्य मी मावशींना वाचून दाखवले, तेव्हा त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

येथपर्यंत लिहून तासभर उठले होते. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून आणले, पुन्हा बसले. खरे लिहायचे ते अजून लिहिलेलेच नाही.

जानेवारीत तुमचे पत्र आले होते. क्लबला फक्त दोन परदेशी खेळाडू ठेवता येतात. डॅरेल यांची जागा पक्की आहे, दुसऱ्या जागी प्रशिक्षकांना उंच आणि अधिक गुण करणारा माणूस हवा आहे. तुम्ही इस्रायलचे नागरिक झालात तर त्या दोघांत तुमची मोजणी होणार नाही आणि जागा कायम राहील. त्यासाठी हिंदुस्थानचा पासपोर्ट परत करावा लागेल. "आई, तू हो म्हणालीस तरच मी सही करीन. तू गप्प राहिलीस तर मी तो नकार समजेन," असे तुम्ही लिहिले होते.

मावशींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर मला बसवले आणि उत्तर सांगितले. मी लिहिले. प्रकृती लिहिली, पाऊसपाणी लिहिले, पापड लिहिले. त्यांनी सांगितलेले शेवटचे वाक्य मी लिहिले नाही.

पत्र पुरे झाले की मावशी ते पुन्हा वाचून घेतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. मी ते वाक्य वाचून दाखवले. कागदावर नसलेले वाक्य, त्यांच्याच शब्दांत, अडखळल्याविना. श्रुतलेखनात माझा एकही शब्द कधी गळला नव्हता. तालुक्यात त्याचे बक्षीस मला मिळाले होते. त्या दुपारी मी एक अख्खे वाक्य गाळले आणि "वाचलंस छान," असे त्यांच्याकडून ऐकून घेतले.

मग जुलैत तुमचे पत्र आले: "आई, तू काही लिहिले नाहीस. मला कळले. पंधरा सप्टेंबरपर्यंत नावे नोंदवायची आहेत. त्यानंतर मी परत येतो." त्यातला पहिला भाग मी गाळला आणि "परत येतो" एवढेच वाचले. मावशी म्हणाल्या, "मी व्हय म्हटलं तरी हा येतो कशाला? तू लिवलंस ना गो?" मी म्हटले, "व्हय."

त्यानंतर "आईचं ऐकत नाय आता. मोठा झाला तो," एवढेच एकदा म्हणाल्या. तुम्ही त्यांचे मन राखण्यासाठी खेळ सोडत आहात, आणि तुम्ही त्यांचे मन मोडले असे त्यांना वाटते. या दोन्हींच्या मध्ये मी बसले आहे.

कारण विचाराल, तर सांगते. मावशींचे डोळे अधू झाले, माझी रोह्याच्या शाळेत नेमणूक झाली आणि मी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा निघताना तुम्ही म्हणालात, "पत्रं तेवढी तू लिही. तुझ्यावर माझा विश्वास आहे." आणि बाहेर पडताना तुमचे डोके नेहमीप्रमाणे चौकटीला लागले. तिथे तेलाचा डाग आहे. दिवाळीत घराला चुना लावला, तेव्हा तेवढी जागा सोडायला मी सांगितले. मावशींना ते दिसत नाही. याहून अधिक मला लिहिता येणार नाही.

मंगळवार

पत्र टाकण्याआधी आज दुपारी मावशींना सगळे सांगितले. चौकटीचेसुद्धा.

त्या पापडांचा डबा बांधत होत्या, तो तसाच बांधत राहिल्या. सुतळीची गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "परत बस. कागद घे. आता मी सांगते ते लिव."

मी लिहिले. वाचून दाखवू लागले, तर त्यांनी हात वर केला. "वाचू नको. वाचून तर तेव्हाबी दाखवलंस. कुठं लिवलंस तिथं माझं बोट ठेव." मी त्यांचा हात धरून त्यांचे बोट त्या ओळीच्या आरंभी ठेवले. त्यांनी ते शेवटपर्यंत फिरवले. शाई ओली होती. खाली ओळ पुसट झाली आहे, ती त्यामुळे. ती मी पुन्हा लिहिणार नाही.

"निसीम, तू तिथलाच हो, सही कर. माझ्या मानसांच्या कबरी हितं हायत आनि ही निशी हाय, मी एकटी नाय. तू खेळ."

हेच ते वाक्य. जानेवारीतही असेच होते, एका अक्षराचा फरक नाही. "ही निशी हाय" हे माझे नावही तेव्हा त्यात होते.

फोन करण्याचा विचार केला होता, पण क्लबमध्ये कोणी उचलला तर हिब्रूखेरीज बोलत नाही, असे तुम्हीच कळवले होते. पत्राला बारा दिवस लागतात. पंधरा तारखेच्या आत ते तुमच्या हाती पडेल, असा हिशेब मी तीनदा केला आहे. तुमच्या नावापुढचे आकडे मी यापुढेही वहीत चिकटवीन, फक्त कात्रणे पाठवीत जा. मला उत्तर लिहू नये. आईला लिहावे, मी ते जसेच्या तसे वाचून दाखवीन.

मावशी पोस्टात सोबत आल्या आहेत. पाकिटावर तिकीट त्यांनीच लावले, किंचित वाकडे. पेटीत टाकण्यासाठी पाकीट मागत आहेत. "दे. हे मी टाकते," म्हणतात. बरोबरच आहे.

तुमच्या आईची लेखनिक, आणि या एका पत्रापुरती स्वतःची,
निशिगंधा दिनानाथ म्हात्रे

रोहे पोस्ट ऑफिस,
मंगळवार, दि. २० ऑगस्ट १९९६,
दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे.