हीटरच्या पाइपावरचा पितळी नळ

उस्ताद, तुमची पांढरी गाडी मी विकायला काढली होती, आणि तीही माझ्याच चुकीपायी. तुम्ही असता तर हातातला पान्हा फेकून मारला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, चिखलीतलं गॅरेज आता माझ्या नावावर चालतं. पाटी मोठी केली, एसीत गॅस भरायचं नवं मशीन घेतलं, गिऱ्हाइकं मला सर म्हणतात. ते ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता, आणि हसायलाच हवं होतं.

काकू अजून तीच गाडी चालवतात. रोज दुपारी कुरुळीला जाऊन कामगारांना जेवणाचे डबे पोचवतात. गाडी तुम्हीच त्यांना शिकवलीत, गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असायची तेव्हा, एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यांवर. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायचो. गाडी आचके देत बंद पडली की तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणायचात, "गाडी आपलीच हाय, घाबरायलीस कशाला?" आता त्याच रस्त्यांवर कंटेनरची रांग असते. काच खाली केली की नाकातोंडात धूळ जाते आणि काकूंना धाप लागते. काचा बंद ठेवायच्या तर एसी हवाच. एसी नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर डबे नाहीत, इतकं ते सरळ आहे.

होळीनंतर त्या गॅरेजवर आल्या. "एसीतून गरम हवा यायलीय रं," म्हणाल्या. मी फोनवर बोलत बोलतच मशीन जोडलं, गॅस भरला आणि त्यांना वाटेला लावलं. चार दिवसांत परत आल्या, हवा तशीच गरम. त्या दिवशी गॅरेजमध्ये गर्दी होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मी बॉनेट उघडून वरवर नजर टाकली आणि सांगून टाकलं, "कम्प्रेसर गेला, काकू. जुन्या गाडीत आता पैसे घालण्यात अर्थ नाही. विकून टाका." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जोडलेल्या पाइपांकडे बोट दाखवून वर म्हणालो, "आत सगळी जुगाडं करून ठेवलीत कुणीतरी."

काकू पदरानं आरसा पुसत होत्या. "त्यांनीच केलेली हायत," त्या म्हणाल्या. आरसा पुसून झाल्यावर म्हणाल्या, "पण तू म्हणतोस तर इकू. त्यांच्यामागं गाडीचं मी तुलाच इचारते." ड्रायव्हरच्या सीटवरची उशी त्यांनी काढून घेतली. तुम्ही त्यांच्या उंचीसाठी शिवून आणली होती ती. उशी काखेत मारून त्या चालत घरी गेल्या, आणि मी पुढच्या गाडीला लागलो.

गाडी बघायला एक जण येणार होता, म्हणून सकाळी ती एसीसकट चालू करून पुसायला घेतली. पुसताना हात सहज एसीच्या पाइपावर पडला. पाइप माठासारखा गार होता, वर पाण्याचे थेंब. तुमच्याकडे लागलो त्या आठवड्यात मी मीटर घेऊन धावलो होतो, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरून पाइपावर ठेवलं होतं. "मीटर मागून. आधी हात लाव. एक पाइप चटका द्यायलाय, दुसरा गार हाय, मग कम्प्रेसरला कशाला नावं ठेवायलास?" गारवा तयार होतोय आणि आत जाता जाता कुठंतरी तापतोय, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनाचं गरम पाणी हीटरकडं नेणारा पाइप मी चाचपत गेलो, आणि तुमचा पितळी नळ हाताला लागला. नळ उघडा होता.

मग सगळं आठवलं. आतली गरम हवा अडवणारी झडप तुटली होती, ती बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला असता. म्हणून तुम्ही पाइप कापून त्यात हा नळ बसवलात. दिवाळीला उघडायचा, होळीला बंद करायचा. मी शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभा असायचो. तुमच्यामागं तो बंदच राहिला, काकूंना हीटर कधी लागतच नाही. गेल्या दिवाळीत मी त्या गाडीचे पाइप बदलले, तेव्हा बंद नळ बघून म्हणालो, कुठल्या गाढवानं हा बंद ठेवला, आणि उघडून टाकला. थंडीभर काकूंनी गाडीतला पंखा लावला नाही, म्हणून कळलं नाही. गाढव कोण ते आता कळलं. नळ फिरवला आणि थोड्या वेळात गाडीत गार हवा यायला लागली. त्या हवेत बसूनही माझे कान तापले होते. इतकी लाज मला तुमची शिवी खातानाही कधी वाटली नव्हती.

बघायला येणाऱ्याला नाही म्हणून कळवलं आणि गाडी काकूंच्या दारात नेली. त्यांनी उशी आणली, बसल्या, एसीच्या जाळीपुढं हात धरला. बराच वेळ हात तसाच होता.

"काय झालं होतं रं?"

खरं काय ते सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं, "कम्प्रेसरच होता, काकू. पण जमवला."

"तुझ्या हाताला त्यांचा गुण आलाय," त्या म्हणाल्या, आणि भाकरी-ठेच्याचा डबा माझ्या हातात दिला. मी तो घेतला, आणि गॅरेजवर येऊन खाल्लासुद्धा.

हे लिहून पाकिटात घातलं, पत्त्यापाशी येऊन अडलो. तुमचा एकच पत्ता मला माहीत आहे, काकूंच्या घराचा. टाकलं तर पत्र नक्की पोचेल आणि त्याच उघडून वाचतील. म्हणूनच टाकत नाही, उस्ताद.