युरोपच्या वर्षभर पुढे

११ जानेवारी २०२६, रविवार

नवीन फोन घ्यायचा नाही. निर्णय पक्का.

आज पेपरात वाचलं. युरोपात पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून कायदा लागू होतोय. फोनची बॅटरी माणसाला घरच्या घरी काढता आणि बदलता आली पाहिजे, गोंदाने चिकटवून द्यायची नाही. ऊर भरून आला. मी कधीपासून हेच म्हणतोय. (मनात.)

माझा फोन चार वर्षांचा. सकाळी फुल चार्ज करून टेमघरच्या घरून निघालो की गोडाऊनला पोचेपर्यंत अर्धा, आणि डबा उघडेपर्यंत बंद. मी डिस्पॅच क्लार्क. ड्रायव्हर फोन लावतात, लागत नाही, मग गाडी भलत्याच गेटला जाऊन उभी राहते. सगळे म्हणतात, नवीन घ्या. धाकटा भाऊ विकी तर दरवर्षी घेतो. जुने फोन त्याच्या शोकेसमध्ये रांगेने उभे, ट्रॉफ्यांसारखे. त्याला म्हटलं, याला ई-कचरा म्हणतात. तो म्हणाला, दादा, कचरा तुझा फोन आहे, फक्त तू अजून टाकला नाहीस.

दीक्षा हसली. बायकोने कुठे हसावं याला काही मर्यादा असते.

१३ जानेवारी

ड्युटीवरून सुटून निजामपुऱ्यात गेलो. रिपेअरिंगवाल्या भाईने फोन उलटापालटा करून सांगितलं, खुल गया तो ठीक, नहीं तो डिस्प्ले गया समझो. कंपनीनेच चिपकाके दिया है, मैं क्या करूँ.

त्याला युरोपचा कायदा समजावला. मागे गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांनाही समजावला. भाईने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, तो युरोप में ही बनवा लो ना, अंकल.

अंकल! मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.

येता येता रिक्षात ठरवलं. बॅटरी मीच बदलणार. कायद्याचा अर्थच तो आहे. मी फक्त एक वर्ष आधी करतोय.

१७ जानेवारी

बॅटरी आणि किट ऑनलाइन मागवलं. व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस, पांढरं टेबल, शांत संगीत. चहा निवायच्या आत फोन उघडून परत बंद. आमचं टेबल सनमायकाचं आहे, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी आईचा फोन. गावाहून, खारबावहून, ती रोज करते, जेवलास का विचारायला. आजही बोलता बोलता कटला. चार्जरला लावून परत केला तर म्हणाली, काय रे, मधीच कुठं जातंस तू?

तिला म्हटलं, थांब थोडे दिवस.

२५ जानेवारी, रविवार

ऑपरेशन. सकाळी सुरुवात. लेकीचा, रियाचा हेअर ड्रायर घेतला (तिला न विचारता, कॉलेजच्या पोरींना प्रत्येक गोष्ट विचारत बसलं तर काम होत नाही). मागची काच गरम केली की गोंद सुटतो. सुटला नाही. आणखी गरम केली. फोन हातात धरवेना. फडक्यात धरला. प्लास्टिकची पट्टी घातली, जोर दिला.

काच तडकली. फार नाही. नकाशावर नद्या असतात तेवढीच.

जुनी बॅटरी निघता निघेना. निघाली तेव्हा पुरीसारखी फुगलेली होती. दीक्षा किंचाळली, आधी ते बाल्कनीत ठेवा. स्टीलच्या डब्यात वाळू घालून ठेवली. डबा तिचा खारवड्यांचा होता, हे नंतर कळलं.

दुपारी नवी बॅटरी बसवली. चालू झाला!! शंभर टक्के!! मागचं झाकण नीट बसत नाही म्हणून रबरबँड लावला. विकीला फोटो पाठवला. त्याने हसणारी तोंडं पाठवली. जळतो.

३० जानेवारी

बॅटरी उत्तम. एकच बारीक गोष्ट. बहात्तर टक्के दाखवते आणि बंद पडते. काल एकोणसत्तरवर, आज ऐंशीवर. म्हणजे चार्ज आहे, फक्त फोनला तो कळत नाही. सेट व्हायला वेळ लागतो.

सुपरवायझर सागर (वय तीस, डोक्यावर गॉगल) म्हणाला, काका, तुमचा फोन लागत नाही म्हणून ड्रायव्हर माझं डोकं खातात. त्याला कायदा सांगायला सुरुवात केली. तो गॉगल लावून गेट नंबर दोनकडे निघून गेला. गोडाऊनच्या आत गॉगल.

३ फेब्रुवारी

घंटागाडीवाल्याकडे फुगलेली बॅटरी दिली. तो म्हणाला, ओला का सुका? म्हटलं, यातलं काहीच नाही, हा ई-कचरा. तो म्हणाला, मग आमचा न्हाय. गाणं वाजवत गाडी गेली.

जिथून फोन घेतला होता त्या दुकानात डबा घेऊन गेलो. नियम आपल्याकडेही आहेत, कंपनीनेच परत घ्यायला पाहिजे. दुकानातला मुलगा म्हणाला, नवीन घेतलात तर जुना घेऊ, पण उघडलेला घेत नाही, आणि सर, प्लीज तो डबा काउंटरवर ठेवू नका.

६ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून सरकारी कचेरीत गेलो. पहिल्या टेबलाने वर पाठवलं, वरच्याने मागच्या इमारतीत. मागच्या इमारतीत एक बाई होत्या, भल्या वाटल्या. पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाल्या, साहेब सोमवारी असतात. कोणत्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

डबा मांडीवर घेऊन रिक्षाने परत. खड्डा आला की जीव वर.

दीक्षा म्हणाली, आमच्या शाळेत ई-कचरा गोळा करायला गाडी येणार आहे, मी तुम्हाला मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. मी म्हटलं, ते सगळं फोटो काढण्यापुरतं असतं. व्यवस्था बदलली पाहिजे.

८ फेब्रुवारी, रविवार

रियाने मोबाइलवर सगळा कायदा वाचला. म्हणाली, पप्पा, यात सूट आहे. बॅटरी खूप वर्षं टिकणारी असेल आणि फोन पाण्यात पडून चालत असेल, तर कंपनी म्हणे चिकटवूनच देऊ शकते. आणि हे युरोपचं आहे, आपल्याला काही बंधन नाही.

मी म्हटलं, सगळं वाचायचं नसतं, भावना समजून घ्यायची असते.

ती म्हणाली, माझा हेअर ड्रायर जळल्याचा वास मारतो.

१२ फेब्रुवारी

दीक्षाने डबा शाळेत नेऊन बॅटरी देऊन टाकली. रिकामा डबा घासून फडताळात. मला सांगितलंही नाही. बरंच झालं, मी सोमवारी तेच करणार होतो.

फोन आज चक्क संध्याकाळपर्यंत टिकला. म्हटलं नव्हतं, सेट होतो? आईशी बोलणं पूर्ण झालं. पाठ दुखते म्हणाली, नळाला पाणी कमी येतंय म्हणाली. या रविवारी येतो म्हटलं. ती म्हणाली, ये, पन फोन करून ये.

१५ फेब्रुवारी, रविवार

खारबावला जाणं झालं नाही. रबरबँडऐवजी झाकणाला कायमचा उपाय शोधत होतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. घट्ट बसलं. आता उघडायचं म्हटलं तर मलाही उघडता येणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

ड्युटीवरून घरी आलो तर कुलूप. शेजारच्या रीमाताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अहो तुम्ही इथे? आईंना ॲडमिट केलंय ना. वहिनी सकाळीच गेल्या.

खिशातून फोन काढला. बंद. निघालो तेव्हा एक्क्याऐंशी होते.

रीमाताईंनी त्यांच्या फोनवरून दीक्षाला लावून दिला. मला दीक्षाचा नंबर आठवेना, त्यांच्याकडे होता. गोडाऊनचा नंबर दीक्षाकडे नव्हता.

१८ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं नाही, तरी लिहितो.

आई सकाळी धुण्याच्या दगडापाशी घसरली. मांडीचं हाड. उठता येईना. फोन कमरेच्या बटव्यात होता. पडल्या पडल्या तिने मला लावला. परत लावला. लावतच राहिली. मग शेजारच्या कमळकाकूंना हाक ऐकू आली. त्यांनी पण आधी मलाच लावला, मग विकीला. विकी अंगावरच्या बनियनवर टेम्पो घेऊन निघाला. मागे गादी टाकून आईला भिवंडीला आणलं. मी त्या वेळी गेट नंबर चारला चहा पीत होतो.

आईने आधी मला लावला. विकीला नाही, मला. म्हणजे तिचा पहिला विश्वास माझ्यावरच आहे. हे लिहून ठेवतो.

२० फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. प्लेट टाकली. आता वॉकर, आणि पुढे काठी. शेतावर जाणं संपलं, असं डॉक्टर म्हणाले. आईला अजून सांगितलेलं नाही.

दुपारी तिच्याजवळ मी एकटाच होतो. म्हणाली, आरं, मी लावायची तं ती बाई बोलायची, फोन बंद हाय. मंग मी तिलाच सांगितलं, बाय, माझ्या सुगतला सांग, आय पडलीय.

मी तिला सांगायला लागलो. पूर्वी कशी बॅटरी नखाने निघायची, मग कंपन्यांनी कसा गोंद लावला, युरोपने कसं मनावर घेतलं. सूट आहे तेही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग लक्षात आलं, झोपली होती. तरी वाक्य पूर्ण केलं.

बाहेर विकी बाकावर बसला होता. सरकून मला जागा दिली. तो काही बोलेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं.

२४ फेब्रुवारी

डिस्चार्ज. मी म्हटलं, आई माझ्याकडे येईल, मी थोरला. दीक्षानेही खोली लावून ठेवली होती. आई म्हणाली, तुझा तिसरा माळा, लिफ्ट न्हाय, मी विकीकडं जाते. विकीचं घर तळमजल्यावर आहे. कारण जिना आहे. दुसरं काही कारण नाही. दीक्षालाही विचारलं. ती म्हणाली, हो, जिनाच.

१ मार्च, रविवार

नवीन फोन घेतला. तत्त्व सोडलेलं नाही, परिस्थिती वेगळी आहे. दुकानातल्या मुलीला विचारलं, हा मागून उघडतो का? तिने फोन उलटा करून पाहिला, जणू तिलाही पहिल्यांदाच हा प्रश्न पडला होता. म्हणाली, नाही सर, कशाला उघडायचा?

आजपासून फोन एक क्षणही बंद ठेवायचा नाही. पॉवर बँक घेतली. गोडाऊनमध्ये ठेवायला चार्जर वेगळा. आईला, विकीला, कमळकाकूंना, रियाला, सगळ्यांना मेसेज: मी आता चोवीस तास उपलब्ध. कमळकाकूंचा अंगठा आला.

४ मार्च

सबंध दिवस खिशात. जेवताना टेबलावर, अंघोळीला खिडकीत. रिंग फुल. एकदा वाजला. कर्ज हवंय का म्हणून विचारत होते.

८ मार्च, रविवार

बॅटरी अफलातून आहे. परवा सकाळी चार्ज केली होती, आज अजून अडुसष्ट. काल सागरलाही दाखवली. तो म्हणाला, काका, ड्रायव्हर आता मलाच करतात, सवय लागलीय, राहू द्या तसंच. समजूतदार पोरगा आहे, माझ्यावरचा लोड कमी केला.

संध्याकाळी आईचा फोन येईल म्हणून बाल्कनीत बसलो. साडेसात झाले. मग मीच विकीला लावला. पहिल्या रिंगला उचलला. म्हणाला, दादा, आई जेवतेय. मागून आईचा आवाज आला, कोन हाय? विकी म्हणाला, दादा. ती म्हणाली, मंग करते म्हनावं.

दीक्षा जेवायला बोलावून गेली. म्हटलं, थांब, आईचा फोन येतोय.

दीक्षा आणि रिया जेवल्या. ताट झाकून ठेवलंय. अजून आलेला नाही. सदुसष्ट टक्के.