आईची वेणी

मुलुंड, रविवार संध्याकाळ, १९८६

चहा गार झाला, पण सकाळचं चर्च डोक्यातून जात नाही. लिहूनच टाकतो.

आईचा उजवा हात लुळा पडल्यापासून तिची वेणी मीच घालतो. सकाळी माझ्या बायकोची, रूथची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटी असते. वेणी वाकडीच होते, काय करणार? आधी प्रार्थना करतो, प्रभू, आज चिडू देऊ नकोस. तरी कधी चिडतोच.

आज चर्चच्या दारातच मावशी म्हणाली, "ताई, ही काय वेणी? बायकांची कामं पुरुषानं करायची का? त्यापेक्षा वृद्धाश्रमात राहा ना." माझे कान तापले, पण आईला धरून मी आत गेलो.

उपासनेत पाळकांनी विचारलं, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, याची कोणाला साक्ष द्यायची आहे का? आणि आई माझा खांदा धरून उठली! आजारपणापासून तिचे शब्द अडखळतात, चारचौघांत ती बोलतच नाही. आता कसं होणार?

"ही वेणी... माझ्या लेकानं घातली," ती म्हणाली. "माझा हात गेला तेव्हा मी प्रभूवर रुसले होते. त्यानं मला... हा हात दिला." आणि सगळ्यांसमोर माझा हात वर धरला.

कुठे बघावं तेच मला कळेना. बाहेर आल्यावर मावशी कंगवा काढून म्हणाली, "आण गं, नीट घालून देते."

आईनं वेणी खांद्यावरून पुढे ओढून घेतली. "राहू दे. अशीच घरी जाणार."

बसस्टॉपपर्यंत ती माझ्या दंडाला धरून चालली. एरवी रस्त्यात मी लोकांची नजर चुकवतो. आज नाही चुकवली.