मालनच्या जाकिटाला मारलेली फिटिंग

मुलुंड (पूर्व)
१९ जानेवारी, दुपार, दुकानातून

चि. सुबोध यास,
भाऊजींचे आशीर्वाद, आणि मानसीलाही.

तू एडमंटनहून पाठवलेलं गरम जाकीट खरं कितीला पडलं ते आधी सांगून टाकतो. तुझे डॉलर किती गेले ते तुझं तुला माहीत. बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवली म्हणून ते घेऊन येणाऱ्या तुझ्या मित्राची विमानतळावर पाऊण तास चौकशी झाली. माझ्या तीन दुपारी गेल्या. अर्धं रीळ काळा दोरा गेला. आणि तुझ्या ताईच्या कमरेवरची, मणक्याच्या डाव्या अंगाला, पाच रुपयांच्या नाण्याएवढी कातडी गेली. ती भरून येते आहे. डॉक्टर म्हणाले, अजून दहा दिवस. तेव्हा पत्र वाचताना हातातला चहा खाली ठेवायची गरज नाही.

तुझ्याकडे उणे बावीस आहे असं फोन दाखवतो. (तुझ्या ताईने माझ्या फोनमध्ये मुलुंडच्या खाली एडमंटनचं हवामान लावून ठेवलंय. रोज सकाळी ती दोन्ही वाचते आणि दोन्हींवर सुस्कारा सोडते.) कान झाकून हिंडतोस ना? लहानपणी तुझे कान फार दुखायचे, मालन रात्रभर गरम मिठाची पुरचुंडी धरून बसायची. मानसीचा खोकला थांबला का? आमच्याकडे हिवाळा म्हणजे पंखा पाचाऐवजी तीनवर. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण आपल्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि घर केवढं ते तुला माहीत आहे. म्हणून दुकानात, कटिंगच्या टेबलावर लिहितोय. पानांचे फोटो काढून तुझ्या एकट्याच्या नंबरवर टाकीन. फॅमिली ग्रुपवर गेले तर माझी वाट लागली समज.

मुलुंडमध्ये बॅटरीचं जाकीट कुणाला लागतं, असं विमानतळावरच्या साहेबांनी तुझ्या मित्राला विचारलं म्हणे. त्या साहेबांनी डायलिसिस सेंटर पाहिलेलं नसणार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास, आणि मशिनांसाठी एसी असा की बाहेर काचेपाशी उभा राहिलो तरी माझी बोटं आखडतात. माणसाचं रक्त नळीतून बाहेर फिरून परत आत येतं, त्यामुळे थंडी आतूनच भरते. चादर द्यावी तर एक हात बाहेर, हलवायचा नाही, मग ती घसरते. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू तिचे दात वाजताना ऐकलेस आणि दुसऱ्या दिवशी जाकीट मागवलंस. त्याबद्दल तुला कुणी बोल लावणार नाही. इतक्या लांबून दात ऐकू येणारा भाऊ सगळ्यांच्या नशिबी नसतो.

जाकीट आलं आणि मालनने घातलं. मी म्हटलं, आत अजून एक मालन मावेल. तिकडच्या कंपन्यांची मापं तशीच, म्हशीला झूल शिवावी तशी. आता तू सांग, लेडीज टेलरची बायको आठवड्यातून तीन वेळा, अठरा खाटांच्या समोर, असल्या ढगळ जाकिटात जाणार? मी सोळाव्या वर्षी अंधेरीच्या एक्स्पोर्ट कारखान्यात लोंबते धागे कापायला लागलो. तिथून मशीनवर, मशीनवरून कटिंगला, आणि कटिंगवरून स्वतःच्या दुकानात. सुई बोथट झाली तर मी मागच्या खोलीतून आवाजावरून ओळखतो. समोरून चालत येणाऱ्या बाईचं माप दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत सांगतो. गळ्यातला टेप गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असतो. (तुझी शाळेची पहिली हाफ पँट मी तू पळत असताना मापली होती. तीन वर्षं टिकली.) शिवाय यात नुसती माझी हौस नव्हती. गरम होणारी पट्टी अंगापासून चार बोटं लांब लोंबत राहिली तर तुझी ताई गरम व्हायची कशी? ते सेंटरच गरम झालं असतं.

तेव्हा मी जाकीट खोललं. कॉलरच्या आत टोचरी पट्टी होती, ती आधी उसवली. आपण नेहमीच उसवतो. तिच्यावर बारीक इंग्रजी होतं आणि एक चित्र, टाचणी आणि तिच्यावर फुली. ते बघून मला फार बरं वाटलं. आमच्या कारखान्यात प्रत्येक कपडा शेवटी सुई शोधायच्या मशीनखालून जायचा, आत तुटकी सुई राहिली नाही ना हे बघायला. मी म्हटलं, शाब्बास, या लोकांनी तपासणी करून माल पाठवलाय. मग अस्तर सोडवलं. पाठीत खाली एक मऊ, चपटी पट्टी होती, आत केसासारख्या तारा. तारा मला कळत नाहीत असं समजू नकोस. बोटांनी चाचपून मी एकाही तारेला सुई लागू दिली नाही. दोन्ही बाजूंनी आत घेतलं, पाठीला कापड दुमडून दोन टक्स टाकले आणि दुहेरी टाका मारला. तीन दुपारी गेल्या. सोमवारी मालन ते घालून निघाली तेव्हा सोसायटीच्या वॉचमननेही वळून बघितलं. कमरेत असं बसलं होतं की सांगता सोय नाही.

सेंटरमध्ये तर विचारू नकोस. शेजारच्या खाटेवर द्रौपदीबाई म्हणून वेंगुर्ल्याच्या एक आजी असतात. त्यांनी जाकिटाला हात लावून बघितला आणि काचेबाहेर उभ्या असलेल्या मला खुणेने आत बोलावून म्हणाल्या, माका पण असाच एक शिवून द्या. आणखी दोघांनी विचारलं. मी खिशातून दुकानाची कार्डं काढून वाटली. (डायलिसिस सेंटरमध्ये कार्डं वाटणारा मी पहिलाच असेन. मालनने डोळे वटारले, पण हसलीसुद्धा.) परत येताना रिक्षात मी हिशेब करत होतो, बॅटऱ्या कुठून आणायच्या, अस्तर कुठलं घालायचं. ती बाहेर बघत बसली होती. मला वाटलं, थकली असेल.

बुधवारीही तेच. शुक्रवारी चार तास संपल्यावर जानकी सिस्टरने तिला उठवायला पाठीमागे हात घातला आणि थांबली. मग पडदा ओढला. मी तिला न्यायला आत येऊन पडद्याबाहेर उभा होतो, पण माझे कान तुला ठाऊक आहेत आणि पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. जानकी सिस्टर फार गोड बाई आहे, पण त्या वेळी तिचा आवाज चढला होता.

“भाजत होतं तर बंद का नाही केलंत? बटण छातीवरच आहे ना?”

आणि तुझी ताई म्हणाली, “कमरेत किती छान बसलंय बघा ना. आणि हे काचेबाहेर उभे होते, माझ्याकडेच बघत. त्यांना सांगू नका हं. तीन दुपारी बसले होते त्याला.”

सुबोध, मी तिथून निघालो आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो. नंतर तिने मला सांगितलं की उकाड्याचा फोड आला असेल. मी म्हटलं, हो, उकाड्याचाच असेल. त्या बर्फाच्या खोलीत.

डॉक्टरांनी मला वेगळं बसवून समजावलं. ते म्हणाले, इस्त्रीचा चटका बसला की माणूस हात मागे घेतो, त्यामुळे तो तिथेच थांबतो. हे जाकीट नुसतं कोमट असतं, म्हणून आपण गाफील राहतो. पण तेच कोमट एकाच जागी तासन्‌तास दाबून बसलं, वर माणूस त्याच्यावर पाठ टेकून पडला, की कातडी हळूहळू शिजते. मालनसारख्या साखरेचा आजार असलेल्या माणसाला भाजलेलं निम्मंच कळतं, आणि डायलिसिसवरच्या माणसाची जखम लवकर चिघळते. कळेपर्यंत उशीर झालेला असतो. असल्या माणसाला विजेवर तापणारा कपडा द्यायचाच नाही, झोपेत तर कुणालाच नाही. मी मान डोलावली. म्हणजे तुझ्या ताईला जे निम्मं कळलं होतं, तेही तिने माझ्यासाठी गिळलं. पहिल्याच सोमवारी कळलं होतं. तरी पुन्हा दोनदा घातलं.

तरी त्या दिवशी मी कबूल काहीच केलं नाही. मी बॅटरीला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, सगळ्या परदेशी मालाला दिल्या. जखमेचा फोटो तुला पाठवला आणि खाली लिहिलं, बघ तुझ्याकडच्या मालाची क्वालिटी. एवढं एक वाक्य मी लिहायला नको होतं. तू त्याच दिवशी कंपनीला दोन पानी तक्रार ठोकलीस, वकिलाची भाषा वापरून. आणि मला वाटतं, त्या दिवसापासून तुला नीट झोप नाही. मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. तू बोलता बोलता मध्येच थांबतोस आणि म्हणतोस, मीच पाठवलं ना भाऊजी.

मग कंपनीचं उत्तर आलं आणि तू मला कळवलंस की अस्तर उघडून पट्टीचे फोटो हवेत. परवा मी ते कटिंगच्या टेबलावर घेतलं. टाके उसवले. पट्टी डाव्या टक्समध्ये दुमडली गेली होती. एकावर एक, दोन पदर, त्या घडीत अस्तर तांबूस झालेलं. तारेला सुई लागली नव्हती, एवढं मात्र खरं. कॉलरच्या पट्टीवरची ती टाचणी आणि फुली म्हणजे ‘याला सुई लावू नका’, हे मला आता कळलं. पण घडी मी घातली होती आणि ती सुटू नये म्हणून दुहेरी टाका मारला होता. तो टाका मी कुठेही ओळखीन. ज्या जागेवर तिच्या कमरेला जखम आहे, बरोबर तिथेच. कंपनीच्या मालाने भाजलं नाही रे, माझ्या फिटिंगने भाजलं.

मालनची तब्येत बाकी ठीक. एक दिवसाआड ड्रेसिंग होतं. द्रौपदीबाईंच्या कानावर सगळं गेलं. त्यांनी माझं कार्ड परत दिलं आणि म्हणाल्या, माका नको तुमचा जाकीट, माझी गोधडी बरी. मी कार्ड घेतलं. तुम्ही दोघं जपून राहा, बर्फावरून चालताना घाई करू नका.

तुझा,
चंद्रप्रकाश भाऊजी

ता. क. कंपनीला लिही की तक्रार मागे घेतली. कारण विचारलं तर सरळ सांग की घरच्या टेलरने उद्योग केला. माझा टाका दुसऱ्याच्या नावावर नको. फोटो मी काढलेत, हवे असतील तर त्यांना पाठव. दुसऱ्या कुणा टेलरला उपयोग होईल.

आणखी एक. बारा दिवस झाले, तू मलाच फोन करतोस, ताईला द्यायला सांगत नाहीस. तिला वाटतंय की तुझ्या भेटीची तिने नासाडी केली म्हणून तू रागावलास. तुला वाटतंय, तिला तू भाजलंस. मी काय वाटून घेत होतो ते वर लिहिलंच आहे. रविवारी सकाळी आमच्या दहाला तिच्याच फोनवर कर. जाकिटाचा विषय काढू नकोस. तिने काढला तर तिला बोलू दे. मी काय ऐकलं ते मात्र तिला कळता कामा नये. तेवढं तिचं तिच्यापाशी राहू दे.

आता खरं काम. मी तिच्यासाठी साधं, बिनबॅटरीचं, आत लोकरीसारखं मऊ अस्तर असलेलं जाकीट शिवतोय. उजव्या बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत चेन, म्हणजे सुई लावायला हात उघडला तरी बाकी अंग झाकलेलं राहील. डॉक्टरांना दाखवलं, ते हो म्हणाले. इथलं मऊ कापड दोन धुण्यांत गोळे धरतं. तुझ्याकडचं दोन मीटर पाठव, रंग मानसीला निवडू दे. कापड जास्त मागत नाही, माप आज सकाळी तिला उभं करून, टेप लावून घेतलंय. छाती बत्तीस भरली. तुला मी फोनवर, टेप न लावता, नजरेनेच छत्तीस कळवलं होतं. तुझं जाकीट छत्तीसचंच आलं होतं.