न पुसलेला ढग

२ मार्च
नातीकडे, ठमीकडे राहायला आले. घर तिसऱ्या मजल्यावर. वर पोचेपर्यंत माझ्या गुडघ्यांनी घरमालकाचा यथेच्छ उद्धार केला. मला अक्षरओळख नाही, म्हणून ठमीने फोन दिलाय. मी बोलते, तो लिहितो. काय लिहितो ते त्यालाच ठाऊक. ठमी म्हणाली, रोज थोडं बोलत जा, मन मोकळं होईल. म्हणजे तिचे कान मोकळे होतील, एवढं कळतं मला.

५ मार्च
आज तिचं काम पाहिलं. उपग्रह दक्षिण ध्रुवाचे फोटो पाठवतो आणि ही घरबसल्या त्यातले ढग ओळखते. खाली बर्फ पांढरा, वर ढग पांढरा. चादरीवर सांडलेलं दूध शोधायचं म्हणा ना. एकाच जागेचे दोन फोटो पाठोपाठ बघायचे. सरकला तो ढग, राहिला तो बर्फ. बर्फाला पिवळं बटण, ढगाला निळं. निळं दाबलं की ढग पुसला जातो, त्या जागी काळं भोक उरतं. मी म्हटलं, जन्मभर लोकांच्या फरशा पुसल्या, मला कुणी अशी गोल फिरणारी खुर्ची दिली नाही. खूप हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच.

तिचा बाप म्हणजे माझा धाकटा. तिकडच्याच एका तळावर यंत्रं दुरुस्त करायला गेला होता. गेल्या वर्षी धुक्यात बाहेर पडला, तो आलाच नाही. सापडलाही नाही.

९ मार्च
धाकट्याच्या तळाशेजारचा एक ढग हलतच नाही. मग बर्फच असेल की, मी म्हटलं. ठमी म्हणाली, तिथे सगळं सपाट आहे, तरी याची सावली खाली पडलीय. म्हणजे हा वर तरंगतोय. मी म्हटलं, पडला असेल घोरत, तुझ्या बापासारखा. या वेळी हसली नाही. पिवळं दाबलं. चुकीचं बटण. मी पाहिलं आणि दाबू दिलं.

१३ मार्च
तिच्या ऑफिसातल्या वरच्या बाईंचा फोन आला, एक ढग राहिलाय, पुसून टाक. ठमीने हो हो केलं आणि पुन्हा पिवळंच दाबलं. असं का, विचारलं. म्हणाली, आजी, बाबांच्या जागी भोक नाही बघवणार मला.
मी चहा टाकायला उठले. मलाही कुठे बघवलं असतं?

१६ मार्च
ढग निघालाय. वाऱ्याच्या उलट. बर्फ सोडून समुद्रावर आलाय. बाकीचे ढग फाटतात, पांगतात. हा तसाच, एका अंगाला झुकलेला. धाकटा लहानपणी झाडावरून पडला, तेव्हापासून असाच एक खांदा पाडून चालायचा. ठमीला हे सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं? रोज पिवळं दाबते, आणि तो रोज जवळ येतो.

१९ मार्च
बाहेर भर दुपारचं ऊन, घरात हाडं गोठतात. चहावर सायीसारखा बर्फ धरला. मी निळ्या बटणाकडे हात नेला. ठमीने मनगट धरलं — बोटं कसली, नुसता बर्फ. म्हणाली, आता नको आजी, बाबा आलेच आहेत.

२१ मार्च
ध्रुवाच्या फोटोत आज आपली गल्ली. ठमी खुर्चीत. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं — तशीच. सरकला तो ढग, राहिला तो —
नाही. श्वास आहे. आहे अजून. पापण्या पांढऱ्या झाल्यात.

२२ मार्च
खिडकीबाहेर रस्ता नाही. सगळं पांढरं. दाराखालून आत येतंय —

कुणीतरी उंबऱ्याशी बूट झटकतंय. आई म्हणतोय. ठमी झोपली का, विचारतोय. त्याचाच आवाज. दमला की यायचा तसा —

बाळा, तुझं अंथरूण मी अजून गुंडाळलं नाही रे. पण ही चाललीय हातातून. तुझीच लेक. तेवढी राहू दे माझ्याकडे —

ऐकत नाही. तिचा हात धरलाय त्याने. त्यालाही सोबत हवी असेल. एकटाच होता तिथे, इतके दिवस —

निळं बटण कुठलं ते कळतं मला. त्याला अक्षरं लागत नाहीत.

डोळे मीट, राजा. दुखणार नाही. आई आहे इथे. मी फक्त —