आई आहेत तोवर

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. जावयांची पाठ कशी आहे ते कळव. त्यांना म्हणावं, खुर्ची बदला, कंबर काही बदलून मिळत नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलंय.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद बिचारा मध्ये बोलत नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे माझे नवे दात. वरची कवळी झकास बसली, खालची मात्र बंड करून उठते. कवळ्या बनवणारा तो माणूस ती घासून द्यायला दोन-तीनदा घरी येऊन गेला. माणूस चांगला आहे. चाळिशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. त्यांचं सगळं तोच करतो. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, काय कामाला चोख आहे हा! दुसऱ्यांदा आला तेव्हा कवळी त्याच्या हातात आणि कान स्वयंपाकघराकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की खालची कवळी बसत का नाहीये.

तुझ्या वहिनीला त्याने लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली. तुला तिने सांगितलंच असेल, तुमच्या दोघींच्या पोटात काही राहत नाही. तुझ्या दादाला जाऊन तीन वर्षं झाली, ती आता छत्तिशीची. मी काय बोलणार? तिचं आयुष्य, तिचं मन. विषय संपला.

बाकी रोजचंच. ती पहाटे हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जाते, दुपारी येते ती अंगाला वाफेचा वास घेऊन. मी तोवर भाजी निवडून ठेवते. आताशा आमचे थोडे खटके उडतात. एका घरात दोन बायका म्हटल्यावर भांड्याला भांडं लागायचंच. तिने काही सांगितलं तर मनावर घेऊ नकोस, आणि मुख्य म्हणजे मध्ये पडू नकोस.

जपून राहा.

आई


२१ ऑगस्ट, शुक्रवार

चिमणे,

आशीर्वाद. तुला नको असले तरी देते.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. 'कैदाशीण' हा शब्द तू माझ्याकडूनच शिकलीस, तेव्हा त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. 'वहिनीला तू घराबाहेर काढलंस, पोरीने तुझं काय वाकडं केलं होतं,' असं तू लिहितेस. काही नाही केलं. तू लिहिलंयस ते सगळं खरं आहे. फक्त त्याच्या आधीचं तुला माहीत नाही. ते सांगते, आणि सांगितल्यावर तू ते गिळून टाकायचंस.

त्याने तिला विचारलं तेव्हा मी आतल्या खोलीत होते. दार लोटलेलं होतं. तो म्हणाला, "तुम्ही विचार करून सांगा, घाई नाही." ती म्हणाली, "विचार केलाय. आई आहेत तोवर नाही." इतकंच. पुढे त्याला चहात साखर किती ते विचारलं.

आई आहेत तोवर. चिमणे, त्या पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं, माझ्या मरणाची वाट बघणारी ती नव्हे. पण ते वाक्य माझ्या कानात बसलं ते निघेचना. माझी आई नव्वदी पार करून गेली, तू पाहिलंयस तिला. आमच्या घरातल्या बायका चिवट. मी तशीच चिवट निघाले तर ही पोर साठीला टेकेल. तिच्या आयुष्याच्या दारात मी आडवी पडलेली, आणि ती मला ओलांडायचीही नाही.

आधी मी सरळ मार्गाने गेले. तिला म्हटलं, कर लग्न, माझा आनंदच आहे. ती हसली. म्हणाली, "तुमचं काय?" म्हटलं, मी लेकीकडे जाईन. तर म्हणते, "आई, जावयांच्या घरी तुम्ही आठवडाभर टिकणार नाही. ते टीव्ही मोठा लावतात." तेही खरंच.

मग तो येऊन म्हणाला, "आईंनाही आमच्याकडेच घेऊन जाऊ. माझे वडील आहेत, त्यात आणखी एक." मनापासून म्हणाला. मी नको म्हटलं, तेव्हा तुझी वहिनी रागावली. पण तूच सांग, मी त्या घरात काय म्हणून बसायचं? तिथे दोघं जेवायला बसली की समोर मी. तिला हसू आलं की आधी माझ्याकडे बघणार. भिंतीवरचा फोटो एक वेळ काढून ठेवता येतो, मला कुठे काढून ठेवतील? मी गेले असते तर माझ्याबरोबर तुझा दादाही त्या घरात राहायला गेला असता.

तेव्हा मी ठरवलं की हिला माझा वीट आला पाहिजे.

सोपं नसतं गं. सासूपणाची मला सवय कुठे होती? जेवण अळणी आहे म्हणायचं, तर मीठ नेमकं बरोबर पडलेलं. तिने धुतलेल्या चादरींना नावं ठेवावीत, तर त्या हॉस्पिटलातल्यासारख्या पांढऱ्याफेक. शेवटी मी दुपारी ती यायच्या आधी मनात घोकून ठेवायची, आज काय बोलायचं. चपला वाटेत काढल्यास. नळ नीट बंद केला नाहीस. तिच्या मैत्रिणीसमोर म्हटलं, हिला पगाराचा माज आलाय. तुझी वहिनी बिचारी घाबरली, तिला वाटलं मला काही आजार झालाय. मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, "वयामुळे होते चिडचिड, समजून घ्या." आणि टॉनिक लिहून दिलं. घरी येऊन ती मला समजून घ्यायला लागली! आता अशा पोरीशी भांडायचं तरी कसं?

मी थकले होते. एकदा तर वाटलं, जाऊ दे, राहू दे तिला, म्हातारपणी सोबत कोणाला नको असते? ते दोन-तीन दिवस मी गोड वागले. तिने लगेच माझ्या आवडीची खीर केली. ती खाताना कळलं की हिने अशीच खीर करत म्हातारं व्हावं, असं मलाही आतून वाटतंय. त्याची भीती वाटली मला.

आता जे सांगायचं ते सांगते. मघापासून टाळतेय.

दादाची हत्यारांची पिशवी दारामागे होती ना, ती लिफ्टच्या कामावरचा त्याचा जोडीदार मागत होता. मीच हो म्हटलं होतं. एका रविवारी तो आला आणि तुझ्या वहिनीने ती त्याला काढून दिली. मी बाहेरून आले तर दारामागे नुसता खिळा. मला भांडायला निमित्त हवंच होतं. मी म्हटलं, "एवढी घाई झाली होय त्याच्या वस्तू काढायची?" हे ठरवलेलंच होतं, घोकलेल्यातलंच. ती म्हणाली, "आई, तुम्हीच हो म्हणाला होतात." शांतपणे म्हणाली.

आणि माझ्या तोंडून निघालं, "त्याच्या छातीत दुखत होतं त्या सकाळी. तू त्याला कामावर पाठवलंस."

हे मी ठरवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, हे घोकलेल्यातलं नव्हतं. त्या सकाळचं तिने फक्त मला सांगितलं होतं, दादा गेल्यानंतर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. तो म्हणाला होता, छातीत जळजळतंय. ती म्हणाली होती, पित्त असेल, थोडं दूध पी आणि जा, सुट्ट्या संपल्यात तुझ्या. मी तेव्हा तिच्या केसांतून हात फिरवला होता. म्हटलं होतं, तुझा काय दोष पोरी. आणि तेच मी त्या रविवारी तिच्या तोंडावर फेकलं.

ती भाजी परतत होती. तिने गॅस बंद केला. माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तीन वर्षं हे मनात ठेवून तुम्ही माझ्या हातचं जेवत होतात?"

नाटक असतं तर उत्तर सुचलं असतं.

त्याच आठवड्यात ती गेली. जाताना माझ्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. दुधवाल्याला निम्मं दूध सांगितलं. नमस्कार केला नाही, आणि बरंच केलं. पुढच्या महिन्यात त्यांनी ऑफिसात सह्या करून लग्न केलं, हे मला खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडून कळलं. तुला बोलावलं होतं आणि तू गेलीस, हे तुझ्या पत्रातून कळलं. चांगलं केलंस. कोणत्या रंगाचे कपडे घातले होते तिने, ते लिहिलं नाहीस.

परवा तो आला होता. एकटाच. पायरीवरच उभा राहिला. म्हणाला, "आई, एक विचारतो, खरं सांगा. तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? आम्हाला मोकळं करायला?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "ती रात्री दचकून उठते. त्या सकाळचं बोलत बसते. तुम्ही मुद्दाम म्हणालात असं तिला कळलं तर तिचं मन हलकं होईल."

चिमणे, तेव्हा काय झालं माझं ते मला लिहिता येत नाही. हो म्हटलं असतं तर ती त्याच संध्याकाळी धावत आली असती. पाया पडली असती, रडली असती, आणि पुन्हा इथली झाली असती. अर्धी इथे, अर्धी तिथे. आणि दुसरं असं की, हो म्हणणं खोटं ठरलं असतं. बाकीचं मुद्दाम होतं. ते वाक्य नव्हतं. ते माझ्या आत होतं, मलाही ठाऊक नसलेलं, आणि मी भांडण उकरायला गेले तेव्हा ते हाताला लागलं. तिला दोष नाही हे माझ्या डोक्याला कळतं. पण मी त्याची आई आहे. डोक्याला कळून भागत नाही.

मी त्याला म्हटलं, "मुद्दाम काही नाही. मला जे वाटतं ते बोलले. पुन्हा येऊ नका." तो जिना उतरून गेला.

तेव्हा तिला छळायचं ते छळून झालं, आणि तिच्या छातीवर धोंडा ठेवून मी तिला मोकळं केलं. हे मोकळं करणं झालं का, मला सांगता येणार नाही. तुला येत असेल तर लिही. नसेल येत तर राहू दे.

एवढं रागावूनही शेवटी तू लिहिलंयस, माझ्याकडे येऊन राहा. आत्ता नको. माझ्यासमोर बसून तू माझी बाजू घेशील, आणि तुझ्या पोटात काही राहत नाही. तू तिच्याच बाजूची राहा. तिच्यासमोर मला नावं ठेव, खुशाल ठेव, कैदाशीण म्हण. आणि मधूनमधून, विषय न काढता, तिला सांगत जा की दादाला पित्त होतंच, लहानपणापासून होतं, कोणीही तेच म्हणालं असतं. हे तिला कोणीतरी सांगायला हवं. मला आता सांगता येणार नाही.

तिच्या घरी काही गोड बातमी झाली तर तू जा. मला कळवू नकोस. नाही, कळव.

जावयांना नमस्कार. हे पत्र फाडून टाक.

आता फक्त तुझीच,
आई